'काही नाही'ऐवजी काय लिहायचं?

बचत गटाचा फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी आम्ही नेहमी अडतो. "ताई, काय लिहू?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही लिहा. घरीच असते." पहाटेपासून पाणी, चूल, जनावरं, लेकरं, झाडलोट, आणि कागदावर 'काही नाही'. शब्दानं काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. म्हणून आज अमेरिकेतल्या एका बाईची खरी हकिगत सांगतो.

कुंभाराला माती लागते, सुताराला लाकूड. १९६०च्या दशकात काही कलाकार म्हणू लागले, की शब्दांतूनही कला घडवता येते. १९६५ साली जोसेफ कोसुथ यांनी एक खुर्ची, तिचा फोटो आणि शब्दकोशातला 'खुर्ची'चा अर्थ शेजारी शेजारी मांडला. यातली खरी खुर्ची कोणती, हे बघणाऱ्यानं ठरवायचं. वस्तूपेक्षा विचार मोठा, म्हणून ही संकल्पना-कला.

न्यूयॉर्कच्या मर्ल लेडरमन युकलीस यासुद्धा कलाकार. १९६८ मध्ये त्यांना बाळ झालं. बाळाचं करता करता कलेला वेळ उरेना. १९६९ मध्ये त्यांनी एक जाहीरनामा टाइप केला. त्याचा सार असा, की घर, शहर, माणसं रोज सांभाळणं, राखणं हीच माझी कला. नवं घडवणाऱ्याचं कौतुक होतं. घडलेलं राखणाऱ्याचं होत नाही, हे त्यांचं दुखणं.

१९७३ मध्ये त्यांनी हार्टफर्ड शहरातल्या संग्रहालयाच्या पायऱ्या आणि फरशी धुतली. तिथं एका ममीची काचेची पेटी होती. ती पुसायचं काम सफाई कामगाराचं. युकलीस यांनी ती पुसली आणि शिक्का मारून जाहीर केलं, की ही आता कलाकृती आहे. झालं! मग ती पुसायचा अधिकार फक्त कलावस्तूंची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाचा. फडकं तेच, काच तीच. बदलला तो शब्द.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या इमारतीतल्या ३०० कामगारांना त्यांनी विनंती केली, की दिवसातला एक तास आपल्या कामाला कला समजा. काम करतानाचे फोटो काढून त्या विचारत, हे काम की कला? उत्तर कामगारानंच द्यायचं. पुढं १९७९-८० मध्ये त्या शहरातल्या ८,५०० सफाई कामगारांना भेटल्या. प्रत्येकाशी हात मिळवून, शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले.

नुसत्या शब्दानं मजुरी वाढत नाही, भांडीही घासून होत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण ज्या कामाला नावच नाही, ते मोजणार कोण? आणि घरात वाटून घेणार कोण?

म्हणून पुढच्या बैठकीत एक करू या. प्रत्येकीनं कालच्या दिवसातली कामं एकेक करून सांगायची. आम्ही ती वहीत लिहू. लिहिता न येणाऱ्या ताईंनी फक्त बोलायचं. ती यादी वाचून झाल्यावर 'व्यवसाय' रकाना पुन्हा भरू. बघू या, 'काही नाही' म्हणायला कुणाची जीभ रेटते ते.