यशवंतीचा दोर

जुन्नर-आंबेगावच्या घरांतही सिंहगड म्हटला कीं मुलांस प्रथम घोरपड आठवते. तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यांत तानाजी यशवंतीस शेंदूर लावतो, पूजा करून तिच्या कमरेस दोर बांधतो. ती अर्ध्यावरून परतते. दरडावल्यावरच कडा चढते. १६७० सालच्या या चढाईचें वर्णन सभासदही करतो. त्यांत घोरपड नाहीं, वानरांसारखे कडा चढणारे मावळे आहेत. एवढासा जीव सशस्त्र माणसांचा भार पेलील, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. तथापि शाहिरास खोटें ठरविण्याचें कारण नाहीं. कड्याचें भय त्यानें मुक्या जनावराच्या पाउलांत दाखविलें. तें जिंकलें माणसांनीं. सारें श्रेय घोरपडीस देणें म्हणजे त्या काळोखांत प्रथम खडकास हात घालणाऱ्या अनाम मावळ्यांचें यश हिरावून घेणें होय.