म्यूर वूड्स: धरणाआधी दानपत्र

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस सुमारे 20 किलोमीटरवर, टॅमलपाइस डोंगराच्या कुशीतील एका अरुंद दरीत रेडवूड वृक्षांचे जंगल आहे. तेथील बहुतेक प्रौढ झाडे 500 ते 800 वर्षांची आहेत आणि सर्वांत उंच झाड 75 मीटरहून अधिक आहे. 1848 च्या सोन्याच्या शोधानंतर शहर झपाट्याने वाढले आणि त्याच्या लाकडासाठी आसपासची रेडवूडची राने तोडली गेली. ही दरी उरली ती कोणी जपली म्हणून नव्हे. चढ तीव्र होता आणि ओंडके बाहेर काढणे परवडत नव्हते, एवढेच त्याचे कारण.

1905 मध्ये विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ही सुमारे 600 एकर जमीन 45,000 डॉलरला विकत घेतली. विकत घेतली म्हणजे जंगल वाचले, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही.

एप्रिल 1906 मध्ये मोठा भूकंप झाला. जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटले, त्यामुळे आगी विझवता आल्या नाहीत आणि सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भाग जळाला. पुनर्बांधणीसाठी लाकूड हवे होते. पाण्याचा प्रश्न तर सगळ्यांच्या तोंडी होता. 1907 मध्ये जेम्स न्यूलँड्स यांच्या पाणीपुरवठा कंपनीने केंट यांच्या दरीत धरण बांधायचे ठरवले आणि जमीन सक्तीने मिळवण्यासाठी न्यायालयात दावा लावला. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याला नकाशा दाखवला तर तोही कदाचित हीच जागा निवडेल: अरुंद दरी, वरून येणारा ओढा, खाली पाणी विकत घेणाऱ्या वस्त्या. शिवाय बुडिताखालची झाडे तोडून विकता आली असती ती वेगळीच.

येथे कायदा नीट समजून घ्यायला हवा. सार्वजनिक उपयोगासाठी खासगी जमीन भरपाई देऊन सक्तीने घेता येते, आणि कॅलिफोर्नियात हा अधिकार पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपनीलाही वापरता येत होता. आपल्याकडच्या 1894 च्या भूसंपादन कायद्यातही कंपन्यांसाठी जमीन घेण्याची तरतूद होती, हे लक्षात घ्या. म्हणजे केंट यांची मालकी हाच जंगलाचा कच्चा दुवा होता. खासगी जमीन होती, म्हणूनच ती घेता येत होती.

यावरची तोड 1906 च्या पुरावास्तू कायद्यात सापडली. ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक महत्त्वाच्या जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्याचा अधिकार या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दिला होता, आणि त्यासाठी खासगी मालकाने दिलेली जमीन स्वीकारण्याची मुभाही त्यात होती. डिसेंबर 1907 मध्ये केंट दांपत्याने 295 एकर जमीन संघ सरकारला, म्हणजे वॉशिंग्टनच्या केंद्रीय सरकारला, दान केली. 9 जानेवारी 1908 रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी तिला राष्ट्रीय स्मारक घोषित केले. संघ सरकारची जमीन अशा दाव्याने घेता येत नाही, त्यामुळे कंपनीचा मार्ग बंद झाला. रूझवेल्ट यांना स्मारकाला केंट यांचे नाव द्यायचे होते. केंट यांनी नकार दिला. नाव चालवायला आपली मुले आहेत, असे त्यांचे म्हणणे. निसर्गलेखक जॉन म्यूर यांचे नाव त्यांच्याच इच्छेने दिले गेले.

धरण आले की जंगल जाते, असा नियम मात्र यातून काढू नये. मुंबईत विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव शहराच्या पाण्यासाठी बांधले गेले, आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र राखायचे म्हणून भोवतालच्या रानालाही संरक्षण मिळाले. आज ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे.

केंट यांचे पुढचे वागणे तर अनेकांना कोड्यात टाकते. सॅन फ्रान्सिस्कोला योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हेच हेची दरीत धरण हवे होते. म्यूर यांनी त्याला कडाडून विरोध केला. 1911 पासून काँग्रेसमध्ये असलेल्या केंट यांनी मात्र धरणाला पाठिंबा दिला, आणि डिसेंबर 1913 मध्ये परवानगीचा कायदा झाला. याला दुटप्पीपणा म्हणता येईल. मला ते पटत नाही. टॅमलपाइसच्या दरीत धरण बांधणारी खासगी कंपनी होती. हेच हेचीत पाणी आणि वीज शहराच्या मालकीची होणार होती, आणि खासगी मक्तेदारी मोडणे केंट यांना महत्त्वाचे वाटत होते. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मालकाचा होता, दरीचा नव्हे. म्यूर यांच्या दृष्टीने तो दरीचाच होता. पण हेच हेचीची दरी आधीपासूनच संघ सरकारची होती, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत होती, आणि तरीही बुडाली. 1908 मध्ये ज्या मालकीने एक जंगल वाचवले, ती पाच वर्षांनी अपुरी पडली, कारण काँग्रेसने केलेले संरक्षण काँग्रेसच काढून घेऊ शकत होती.

डिसेंबर 1914 मध्ये म्यूर यांचे निधन झाले. 1916 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन करणारे विधेयक प्रतिनिधिगृहात पुढे नेणारे सदस्य होते विल्यम केंट. म्यूर वूड्सचा कारभार आज याच सेवेकडे आहे.