हॅवलॉकचे पाणी

रायपूरला समुद्र नाही. तात्यापाऱ्यात वाढलेल्या आमच्यासारख्यांना पाणी म्हणजे बुढा तलाव आणि खारून नदी. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात अंदमानला निघालो, तेव्हा घरात चर्चा होती ती स्नॉर्केलिंगच्या चष्म्याची.

एलिफंट बीचवर नळी दातांत धरून पाण्यात तोंड घातले. खाली प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, कानात फक्त स्वतःचा श्वास. वर आलो तर होडीवाला म्हणाला, ‘हॅवलॉकसारखं पाणी कुठे नाही.’ ते नाव तेव्हा पहिल्यांदा कानाला टोचले.

हॅवलॉक, नील, आउट्रम, लॉरेन्स, निकल्सन ही इथल्या बेटांची नावे सत्तावनचा उठाव मोडणाऱ्यांची. नीलने कानपुरात फाशीआधी कैद्यांना जमिनीवरचे रक्त चाटायला लावले होते. २०१८ मध्ये हॅवलॉकचे ‘स्वराज द्वीप’ आणि नीलचे ‘शहीद द्वीप’ झाले. लोकांच्या तोंडी मात्र जुनीच नावे आहेत.

आम्हा मराठी माणसांचे अंदमान सुरू होते १९११ साली, सावरकर सेल्युलर जेलमध्ये आले तेव्हा. कोलू, काथ्या, कोठडी हे मी लहानपणापासून ऐकले. पण ते तुरुंग बांधून झाले १९०६ मध्ये. काळे पाणी त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधीचे. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन इथे उतरला. तेव्हा भिंती नव्हत्या. समुद्र हीच भिंत होती. जंगल ओलांडले की ब्रह्मदेश लागेल, या समजुतीने कैदी पळत. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवले. माउंट हॅरिएटहून काला पत्थरकडे जाणाऱ्या पायवाटेवर सावली इतकी दाट आहे की भरदुपारी दिशा कळत नाही. आमच्या हातात पाण्याची बाटली होती, पुढे वाटाड्या होता.

त्याच हिवाळ्यात आमच्या रायपुरात काय चालले होते? १० डिसेंबर १८५७ ला सोनाखानच्या नारायणसिंहांना फाशी झाली. १८ जानेवारीच्या रात्री हनुमानसिंह या शिपायाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केले आणि तो निसटला. २२ जानेवारीला त्याच्या सतरा साथीदारांना फाशी दिली. त्यांत गाझी खान होता, शिवनारायण होता. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत वॉकरचे जहाज अंदमानला लागले. एकाच सरकारचे हे दोन हिशेब: काहींना दोर, काहींना समुद्र.

आमच्यासारखी मराठी घरे भोसल्यांच्या अमलाबरोबर छत्तीसगडात आली. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले. घरात बिंबाजी भोसल्यांच्या, रतनपूरच्या गोष्टी निघत. या सतरा जणांची कधी निघाली नाही. ते आपल्यातले नव्हते, एवढेच त्याचे कारण असावे. सावरकरांची कोठडी पाहायला मी हजारो मैल गेलो, आणि जयस्तंभ चौकातून मात्र रोज स्कूटर न थांबवता जात आलो.

परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, ‘पाणी कसं होतं?’

‘नितळ,’ मी म्हणालो. ‘तळ दिसतो.’ मग त्यांना बसवून घेतले आणि गाझी खानपासून सुरुवात केली.