वारसा: रक्ताचा आणि पैशाचा

मृत्युपत्र म्हटले की आपल्या वस्तीत दोनच गोष्टी आठवतात, भावाभावांची भांडणे आणि वकिलाची फी. हा कागद श्रीमंतांचा, असे आपण धरून चाललो आहोत. यामागे इतिहास आहे. शूद्राने सामर्थ्य असूनही धनसंचय करू नये, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात बजावले आहे. ज्याला साठवायचीच बंदी, तो मागे ठेवणार काय? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात हेही कलम होते.

त्यानंतर पाच वर्षांच्या आतली गोष्ट. १९३२ साल आपल्याला पुणे करारामुळे पाठ आहे. त्याच साली दोराबजी टाटांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्यांच्या पत्नी मेहरबाई आदल्या वर्षी ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. ट्रस्टच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जगभरातल्या ल्युकेमिया संशोधनासाठी राखला गेला. दोराबजींनी स्वतःची संपत्तीही मरणाआधी काही महिने दुसऱ्या ट्रस्टच्या नावे केली आणि त्या ट्रस्टने १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे केले. लंडनमध्ये १९३६ साली वारलेला औषध कारखानदार हेन्री वेलकम याने तर मृत्युपत्रानेच कंपनीची मालकी विश्वस्तांकडे दिली, उत्पन्न वैद्यकीय संशोधनावर खर्च करा म्हणून. आजचा वेलकम ट्रस्ट तो हाच.

यात टाटांना दोष देण्यासारखे काही नाही. पण घरात मरण आले, घरात पैसाही होता, म्हणून त्या रोगाला संशोधक मिळाले. आपल्या घरातल्या मरणांचे काय?

विदर्भातल्या कार्यकर्त्याला सिकलसेल समजावून सांगावा लागत नाही. पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि गोंड, भिल्ल, पावरा, कोरकू या जमातींत तो ठळकपणे आढळतो. हाडे-सांध्यांतली असह्य कळ, वारंवार रक्त भरणे, शाळा सुटणे. तो आई आणि वडील दोघांकडून येतो, मुलगा-मुलगी भेद करत नाही. मालमत्तेच्या वारशाला जे समजले नाही ते या रोगाला समजते!

शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद १९१० मध्ये प्रसिद्ध केली. रुग्ण एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. भारतातली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींची. आज यावर सर्रास दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कर्करोगाचे औषध. सिकलसेलसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ साली. पहिल्या नोंदीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, आणि तेही दुसऱ्या रोगाच्या ताटातले उचलून.

तिथे सरकार हलले ते कोणा धनिकाच्या दानाने नव्हे. १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यांत सिकलसेलची मोफत रक्ततपासणी चालवली, हा प्रश्न वंशभेदाचा आहे हे चव्हाट्यावर आणले आणि मे १९७२ मध्ये सिकलसेलसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्मली. नाव समुद्र ओलांडून आले, रक्ततपासणी तिकडेच राहिली.

कोणी म्हणेल, संशोधनाचा पैसा सरकारने द्यावा. द्यावाच, आणि त्यासाठी मोर्चे काढावेत. पण कोणत्या रोगावर काम व्हावे हे पैसे देणारा ठरवतो, हे टाटा-वेलकमच्या इतिहासात दिसते. त्या टेबलाशी आपली खुर्ची का नसावी?

हिंदू कोड बिलाची चर्चा आपण स्त्रियांच्या हक्कांपुरती करतो. त्याची आणखी एक बाजू आहे. मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्साही माणसाला मृत्युपत्राने देता येत नसे. तो मेला की हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे आपोआप जाई. बाबासाहेबांनी ही आपोआप चालणारी वहिवाटच मोडायला घेतली होती. बिल रखडले, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० ने तो हिस्सा मृत्युपत्राने देण्याचा हक्क मान्य केला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

राखीव जागांमुळे नोकरीत शिरलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांत आज एखादा फ्लॅट, फंडाची रक्कम, थोडी शेती आहे. मुलामुलींचा आणि जोडीदाराचा वाटा आधी, यात वाद नाही. त्यातून शंभरातले दोन-तीन टक्के सिकलसेलच्या संशोधनाला गेले तर मुले उघड्यावर पडत नाहीत. विहाराला दान देताना आपण हात आखडत नाही, इथे का आखडावा?

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, स्टॅम्प लागत नाही. सही दोन साक्षीदारांसमोर करावी. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. आकड्याऐवजी टक्केवारी लिहावी, कारण आजचे पन्नास हजार वीस वर्षांनी पन्नास हजार राहत नाहीत. संस्थेचे पूर्ण नोंदणीकृत नाव टाकावे, रोगाचे नावही टाकावे, आणि ती संस्था बंद पडली तर पैसा त्याच कामाच्या कोणत्या संस्थेकडे जावा हेही. घरच्यांना जिवंतपणीच सांगून ठेवावे, मुलींना सर्वांत आधी.