वत्सगुल्माचे दान आणि महाविहारांचा योगक्षेम

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय. येथे 1939 साली प्रकाशात आलेल्या ताम्रपटात, दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या 37 व्या राज्यवर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दिल्याची नोंद आहे. तेवढ्यावरून हे राजकुल केवळ वैदिकांचे पाठीराखे ठरविण्याचा मोह होतो. परंतु ते अर्धसत्य आहे. याच कुलातील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघास अर्पण केले. गवाक्षे, चित्रवीथी, आत बुद्धाचे चैत्यमंदिर, पाण्याचे मोठे टाके आणि नागराजाचे स्थान यांचे वर्णन त्याने कोरविलेल्या लेखात आहे.

अजिंठ्यास सरसकट विद्यापीठ म्हणणे आम्हांस मान्य नाही. तथापि भिक्खूंचा निवास आणि धम्माचे अध्ययन एकाच छताखाली नांदणे, हेच पुढील महाविहारांचे बीज होते. प्रश्न उरतो तो असा : वराहदेवाने निवारा दिला; पण तेथे राहणाऱ्यांच्या अन्नवस्त्राची तरतूद कोणती? झिजलेल्या त्या लेखात आज तरी गावाचे वा ठेवीचे दान वाचावयास मिळत नाही. हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता ढासळली आणि अजिंठ्याची अनेक लेणी अपुरीच राहिली.

याउलट, त्याच्या काही शतके आधीचे नाशिकचे उदाहरण पाहावे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने तेथील लेण्यासोबत 3000 कार्षापणांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे मूळ रक्कम कधीही न मोडण्याची ठेव. त्यांपैकी 2000 कार्षापण कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज 240 होते. आणि लेखात वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण सांगितले आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो! उरलेले 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने होते. दात्याची मर्जी फिरली, तरी विणकरांचे माग चालू असेतो चीवर मिळणार, अशी ही योजना. राजाच्या खजिन्यापेक्षा कारागिरांच्या श्रेणीवर अधिक विश्वास टाकणारा हा दाता आम्हांस विशेष दूरदर्शी वाटतो.

नालंदेत हीच दृष्टी गावांच्या उत्पन्नातून दिसते. ह्युएन त्संग शंभर गावांचे उत्पन्न महाविहारास लावून दिल्याचे सांगतो, तर इत्सिंग दोनशेहून अधिक गावे म्हणतो. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने तेथे विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने पाच गावे दिली. 1921 मध्ये सापडलेल्या ताम्रपटात चीवर, भोजन, शयनासन व औषध यांबरोबर ग्रंथलेखन आणि विहाराची डागडुजी हेही खर्च नोंदलेले आहेत. ग्रंथांच्या प्रती करविणे हा विद्येचा खर्च दात्याने वेगळा नमूद करावा, यावरून महाविहाराची गरज त्यास नेमकी ठाऊक होती, हे उघड आहे.

आधुनिक काळातील दाखला विदर्भातलाच आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 च्या मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठास सुमारे 35 लाखांची संपत्ती तंत्रशिक्षणासाठी दिली. वऱ्हाडातील महाविद्यालये 1983 साली अमरावती विद्यापीठ होईपर्यंत त्याच नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. त्या दानातून 1942 मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेस 2023 साली स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दाता जाऊन त्या वेळी त्र्याण्णव वर्षे झाली होती.