दोन हजार कवट्या आणि एक जबडा

१/ प्रौढ माणसाचा खालचा जबडा किती हाडांचा असतो? दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने ‘दोन’ असे लिहून ठेवले. त्याने विच्छेदन केले होते ते प्राण्यांचे. तरीही हजार वर्षे त्याचाच शब्द प्रमाण मानला गेला.

२/ इ.स. १२०० मध्ये नाईलला पुरेसा पूर आला नाही आणि इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. बगदादचा वैद्य अब्दुल लतीफ तेव्हा तेथेच होता. दुष्काळबळींच्या अस्थींच्या ढिगात त्याने दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या.

३/ प्रत्येक जबडा अखंड, एकाच हाडाचा होता. सांधा कुठेही नव्हता. गेलनपेक्षा डोळ्यांनी दिलेली साक्ष त्याने ग्राह्य धरली.

४/ युरोपात व्हेसालियसने हेच मांडले ते १५४३ मध्ये. ज्यांना मूठभर धान्य मिळाले नाही, त्या अनामिकांच्या अस्थींनी ही चूक त्याआधीच दाखवून दिली होती.