गेटवे-गट : संख्यामर्यादा
गेटवे-गट म्हणजे दोन किंवा अधिक राउटरांनी मिळून एकच आभासी आयपी पत्ता आणि एकच आभासी मॅक पत्ता सांभाळण्याची व्यवस्था. नवा रायपूरचे महानदी भवन, म्हणजे २०१२ पासूनचे छत्तीसगडचे मंत्रालय, डोळ्यांसमोर आणा. अशा इमारतीत टेबलावरच्या संगणकाला गेटवे म्हणून समजा १०.२०.३०.१ हा पत्ता दिला, तर तो कोणत्याही एका राउटरचा नसतो. राउटरांचे स्वतःचे पत्ते .२ आणि .३ असतात. ‘ॲक्टिव्ह’ असलेला .२ बंद पडला की ‘स्टँडबाय’ .३ तो पत्ता उचलतो. संगणकाच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही.

असे गट किती बांधता येतात, याची दोन उत्तरे आहेत आणि त्यांची गल्लत झाली की आराखडा चुकतो.

पहिले उत्तर प्रोटोकॉलचे. सिस्कोच्या एचएसआरपीच्या पहिल्या आवृत्तीत (आरएफसी २२८१, १९९८) गटक्रमांकाला एकच बाइट आहे, म्हणून ० ते २५५. दुसऱ्या आवृत्तीत ० ते ४०९५, त्यामुळे व्हीलॅनचा क्रमांकच गटाला देता येतो. या दोन आवृत्त्यांचे आपसात जमत नाही. सर्व कंपन्यांना खुल्या असलेल्या व्हीआरआरपीत क्रमांक १ ते २५५. तिसऱ्या आवृत्तीने (आरएफसी ५७९८, २०१०) आयपीव्ही६ची सोय केली, क्रमांकाची जागा तेवढीच ठेवली.

दुसरे उत्तर यंत्राचे, आणि खरी अडचण इथेच येते. आभासी मॅक पत्ता गटक्रमांकावरून ठरतो, आणि तो ‘माझा’ म्हणून हार्डवेअरला ओळखता आला पाहिजे. सिस्को २५०० मालिकेतल्या लान्स चिपला एका इथरनेट इंटरफेसवर एकच गट झेपे. टोकन रिंगवर तीनच : ०, १ आणि २. कॅटॅलिस्ट ६५००सारख्या मोठ्या स्विचवरही पीएफसी-२ हे फॉरवर्डिंग कार्ड असेल तर वेगवेगळे गटक्रमांक फक्त १६.

मात्र १६ क्रमांकांत शेकडो व्हीलॅन बसतात. क्रमांक एका व्हीलॅनपुरताच एकमेव असावा लागतो; व्हीलॅन १० आणि व्हीलॅन २० या दोन्हींत गट १ चालतो. दोन व्हीलॅन चुकून ब्रिज झाले, तर मात्र तोच मॅक पत्ता दोन्हीकडे दिसून घोळ होतो. एकाच व्हीलॅनमध्ये राउटरांच्या दोन स्वतंत्र जोड्यांना एकच क्रमांक देणे तर सर्वथा टाळावे.

प्रोसेसरचा भार वेगळा मोजावा. एचएसआरपीचा हॅलो संदेश दर ३ सेकंदांनी जातो. ५०० गटांसाठी ॲक्टिव्ह राउटरला सेकंदाला सुमारे १६७ संदेश पाठवावे लागतात, शिवाय स्टँडबायचे तितकेच घ्यावे लागतात. फेलओव्हर लवकर व्हावा म्हणून हॅलो १ सेकंदावर आणला की हा आकडा तिप्पट होतो.

नवा रायपूरमध्ये मे २०२५ मध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. तिथे किंवा इतरत्र या कामाला हात घालणाऱ्यांनी गटक्रमांकांचा तक्ता आखण्यापूर्वी आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकातला ‘कमाल गट’ हा आकडा आधी पाहावा.